चार सेंटीमीटरचा पंचनामा

बायकोला स्टुलावरून खाली उतरवायचं, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं होतं. पुढे जे झालं त्यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. (माझ्या डोक्यात बहुतेक गोष्टी होऊन गेल्यावर येतात, असं आमच्या घरातलं मत आहे.)

आमच्या स्वयंपाकघरात एक माळा आहे आणि माळ्यावर डबे आहेत. रोज लागणारे डबे माळ्यावर का आणि कधीच न लागणारी भांडी हाताशी का, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं. उत्तर अजून यायचं आहे. डबा काढायला एक लाकडी स्टूल आहे. त्याला पाय चार, पण एका वेळी जमिनीला तीनच लागतात. कुठले तीन, हे रोज बदलतं. त्या स्टुलावर माझी सहासष्ट वर्षांची बायको उभी होती. एक हात माळ्याच्या कडेला, दुसरा आत खोल कुठेतरी डबा चाचपडतोय, आणि तोंडाने माझ्याशी गप्पा.

"अगं, उतर खाली," मी ओरडलो.

"मग डबा कोण काढणार?"

"मी काढतो."

"तुम्ही काढला की डबा येतो हो, पण बरोबर आणखी चार येतात. आणि मागे कपाट सरकवायला गेलात तेव्हा काय झालं? तीन आठवडे मी तुमची पाठ शेकत बसले होते."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी कपाटामागे पडलेलं पेनाचं टोपण काढताना माझ्या पाठीत उसण भरली होती. पण मुद्दा माझ्या पाठीचा नव्हता. मुद्दा वेगळाच होता, आणि तो मी बायकोला तोवर कधी सांगितलेला नव्हता.

माझ्या सासूबाई अशाच एका पायरीवरून घसरल्या होत्या. उंची म्हणाल तर वीतभर. पण खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, त्या बसत्या झाल्या, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल टाकू शकल्या नाहीत. दोन वर्षं त्या खिडकीशी बसून होत्या आणि माझ्या बायकोने त्यांचं सगळं केलं. ती दोन वर्षं मी जवळून पाहिली आहेत. तेव्हापासून ही स्टुलावर चढली की मला ती खिडकी दिसते. ते तोंडाने सांगता येत नाही, म्हणून मी ओरडतो.

त्याच आठवड्यात माझ्या दम्याच्या गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा औषधवाल्याने पिशवीत एक पत्रक टाकलं. "तुमची हाडं ठिसूळ तर होत नाहीत ना?" मी हातात पडलेलं सगळं वाचतो. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. हे तर माझ्याच खात्याचं निघालं.

माझं खातं म्हणजे वजनमापे. बत्तीस वर्षं मी निरीक्षक होतो. काटा मारणारा दुकानदार मला बोळाच्या तोंडाशी ओळखू यायचा. आमच्याकडे एक प्रकार नेहमी सापडायचा. लोखंडी वजन बाहेरून अगदी व्यवस्थित, वर सरकारी शिक्का, पण बुडाला भोक पाडून आतलं शिसं काढून घेतलेलं. नुसतं बघून शंभर वर्षं कळणार नाही. आणि पत्रकात लिहिलं होतं, हाडांचंही असंच होतं. आतल्या आत विरळ होत जातात, दुखत नाहीत, खुपत नाहीत, आणि एखाद्या दिवशी वीतभर पायरीवर मोडतात. मला एकदम हुरूप आला. (बाकीच्या लोकांना असं वाचून भीती वाटते. मला तपासणी करावीशी वाटते.)

"तुझी हाडं तपासून घ्यायची," मी संध्याकाळी जाहीर केलं.

"माझ्या हाडांना काय झालंय? झालं असतं तर मला कळलं नसतं?"

"कळत नाही, तेच तर लिहिलंय!"

"मग तुम्हाला कसं कळलं?"

असल्या प्रश्नांना पत्रकात उत्तर नसतं. मी मुलीला फोन लावला. मुलगी वकील आहे, त्यामुळे घरातली भांडणं आम्ही तिच्याकडे नेतो. तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला, "दोघांनीही जा. आई एकटी जाणार नाही, आणि बाबा, तुमचीही सत्तरी आली."

"मला कशाला? हे बायकांचं असतं."

"पुरुषांनाही होतं, बाबा. पुरुष तपासत नाहीत, एवढाच फरक."

मी फोन ठेवला आणि पत्रक पुन्हा वाचलं. "तरुणपणापेक्षा उंची कमी झाली आहे का? मणके दबल्याची ती खूण असू शकते." हे तर आत्ताच्या आत्ता तपासता येण्यासारखं होतं. बैठकीच्या खोलीच्या दाराला लाकडी चौकट आहे आणि तिच्यावर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. ती नऊ वर्षांची असताना हट्टाने तिने माझीही रेघ मारली होती. शेजारी वळणदार अक्षरात मी स्वतः लिहिलंय: १७०. (बायको तेव्हा म्हणाली होती, "मला काही वाढायचं नाहीये," म्हणून तिची रेघ नाही.)

मी चौकटीला पाठ लावून उभा राहिलो, डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि बायकोला हाक मारली.

"पुस्तक कुठे आलं?"

ती पीठ मळलेले हात तसेच घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बरोबर रेघेवर."

"बघ! तीस वर्षांत एक मिलिमीटर हललो नाही. याला म्हणतात हाड."

"हं," ती म्हणाली आणि कणकेकडे परत गेली. त्या वेळी वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून तिने नेहमीची लाकडी पट्टी मध्ये सरकवली, एवढं मला आठवतं. आठवतं अशासाठी की ती पट्टी पुढे माझ्यावर उलटणार होती.

ठरल्या दिवशी आम्ही तपासणी केंद्रात पोचलो. छोटीशी जागा, भिंतीला लागून खुर्च्या, एका कोपऱ्यात पाण्याचं यंत्र आणि त्याला "बंद आहे" अशी चिठ्ठी. तिथल्या तंत्रज्ञ बाई चाळिशीच्या, चटपटीत, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला एकेक फॉर्म दिला. या फॉर्मवरून आणि यंत्राच्या आकड्यावरून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका किती टक्के, हे काढतात म्हणे. मला ही कल्पना फार आवडली. दोन्ही फॉर्म मीच भरायला घेतले. (भरलेल्या फॉर्मवर बायको नुसती सही करते. तिची सही सोडून बाकी सगळं घरात मीच करतो, अशी माझी समजूत आहे.)

"आई किंवा वडील यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?" बायकोच्या फॉर्मवर मी "होय" लिहिलं आणि नकळत तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

माझा फॉर्म मी भराभर संपवला. हाड मोडलं आहे का? नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेतल्या आहेत का? मला हसू आलं.

"हे बघ, मला विचारतायत स्टेरॉइड घेतो का! ते आरशासमोर दंड फुगवणाऱ्या पोरांचं."

"आणि तुमच्या त्या दम्याच्या पांढऱ्या गोळ्या?" बायको म्हणाली.

"त्या गोळ्या आहेत गं."

तंत्रज्ञ बाईंनी काउंटरवरूनच विचारलं, "नाव काय गोळीचं, काका?" मी खिशातलं पाकीट दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं. "हेच ते, काका. किती वर्षं घेताय?"

"तीन वर्षं रोज होत्या. आता कमी केल्यात."

त्यांनी माझ्या "नाही"वर काट मारून "होय" केलं. कागदावर माझ्या अक्षरातली चूक कोणी दुरुस्त करावी, असं बत्तीस वर्षांत झालं नव्हतं.

"सिगारेट?"

"सोडली."

"कधी?"

"पंचवीस वर्षांपूर्वी."

बाईंचं पेन हलेना. "काका, खरं लिहिलं नाही तर आकडा चुकतो हं."

आकडा चुकतो म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. "बायकोसमोर पंचवीस वर्षांपूर्वी," मी आवाज शक्य तितका खाली आणून म्हणालो. "खरी धरली तर... दहा वर्षांपूर्वी."

बायकोने खिडकीबाहेर बघणं थांबवलं. "दहा?"

"दमा लागला तेव्हा सोडली ना पण!"

"म्हणजे पंधरा वर्षं तुम्ही जेवण झाल्यावर शतपावलीला जायचात, ते..."

"शतपावलीपण करायचो," मी म्हणालो, आणि सुदैवाने तेवढ्यात बाईंनी उंची मोजायला बोलावलं.

भिंतीला एक उभी पट्टी, तिच्यावर वर-खाली सरकणारी आडवी फळी. मी ताठ उभा राहिलो. फळी डोक्याला टेकली.

"एकशे सहासष्ट."

"एकशे सत्तर," मी दुरुस्ती केली.

"सहासष्ट, काका."

"सत्तर."

रांगेतले दोघे-तिघे लिलावात बघावं तसे आमच्याकडे बघायला लागले. मी फळीखालून बाहेर आलो आणि आवाज निरीक्षकाचा लावला. "या उंचीमापकाची शेवटची तपासणी कधी झाली?"

"कसली तपासणी?"

तेवढंच हवं होतं. मी खिशातून माझी स्टीलची टेप काढली. (ती नेहमी खिशात असते. लग्नाच्या दिवशीही होती. मांडव दोन इंचांनी तिरका होता.) आधी शून्याची खूण तपासायची, म्हणजे थेट जमिनीवर. मी गुडघे टेकले, मग हात टेकले, मग गाल फरशीला लावून एका डोळ्याने बघितलं. बत्तीस वर्षांत माझ्यासमोर गुडघे टेकणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिले. स्वतः पहिल्यांदाच टेकले.

"त्यांना सवय आहे," बायको रांगेतल्या लोकांना सांगत होती. "पाच मिनिटांत उठतील."

शून्य बरोबर निघालं. शंभराची खूण बरोबर निघाली. एकशे सहासष्टची खूणही बरोबर. मी कपडे झटकत उठलो. उठताना पाठीतून बारीक आवाज आला, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

"मापक अचूक आहे," मी मोठ्या मनाने जाहीर केलं. "म्हणजे मी आज नीट उभा राहिलो नसेन. परवाच घरी चौकटीवर मोजलंय, बरोबर एकशे सत्तर."

"सकाळी माणूस जरा उंच असतो, दिवसभरात जरा कमी होतो," बाई म्हणाल्या. "पण चार सेंटीमीटर नाही. चारचा फरक खरंच असेल तर डॉक्टरांना सांगायला लागतं." त्यांनी एकशे सहासष्ट लिहिलं आणि पुढे छोटं प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मला खुपलं, पण आता समोर यंत्र दिसत होतं आणि मी दुसरं सगळं विसरलो.

लांबट टेबल, त्यावर गादी, वर एक हात. तो हात अंगावरून सावकाश फिरतो आणि कंबर, खुबा यांतलं हाड किती भरीव आहे ते सांगतो. मी विचारलं, "पण यंत्र खरं बोलतं हे तुम्हाला कसं कळतं?"

बाईंचा चेहरा खुलला. "सहा वर्षं झाली इथे, काका. हे पहिल्यांदा कोणी विचारलं." त्यांनी कपाटातून एक फिक्कट ठोकळा काढला. आत चार मणके ओतलेले, नकली. "याची घनता किती ते आधीच माहीत असतं. रोज सकाळी पहिला पेशंट हाच. याचा आकडा बरोबर आला तरच दुसऱ्या कोणाला झोपवायचं."

मी तो ठोकळा दोन्ही हातांत घेतला. खरं सांगतो, मला भरून आलं. आमच्या कार्यालयात काचेच्या कपाटात पितळी प्रमाण वजन असायचं, ते असंच रोज सकाळी बाहेर यायचं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते जग संपलं. इथे भिंतीवर तक्ताही होता, रोजच्या आकड्यांचा, तीन महिन्यांचा. मी तो पहिल्या तारखेपासून वाचला. एकही दिवस चुकलेला नाही, एकही आकडा रेघेबाहेर नाही. मी खाली सही करायला पेनही काढलं, पण बायकोने हात धरला.

"बाई," मी रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुमचं यंत्र निर्दोष आहे. माझ्याकडून पास."

बाईंनी मान लववून आभार मानले.

बायकोची तपासणी दहा मिनिटांत आटोपली. "एवढंच?" म्हणत ती बाहेर आली. मग मी. अंगावर धातू नको म्हणून टेप, किल्ल्या, भिंग, खिशातलं पन्नास ग्रॅमचं वजन आणि शेवटी पट्टा असं सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं आणि दोन्ही हातांनी पँट धरून टेबलापर्यंत चालत गेलो. पाय एका जाड उशीवर, नजर छताकडे. यंत्राचा हात डोक्यावरून गेला, छातीवरून गेला, कंबरेशी रेंगाळला. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त बायकोचा आकडा होता. तो वाईट निघाला तर तिला कसं सांगायचं, स्टूल कुठे लपवायचं, याची मी जुळवाजुळव करत होतो.

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आत बोलावलं. मी माझी खुर्ची बायकोच्या खुर्चीजवळ सरकवली. धीर द्यायची वेळ आली तर हात पोचावा म्हणून.

"काकू," डॉक्टर कागद बघत म्हणाले, "तुमचे आकडे छान आहेत. वयाच्या मानाने फारच छान. आईंचं हाड मोडलं होतं म्हणून धोका थोडा वर जातो, पण काळजी करण्यासारखं काही नाही. चालत राहा, काही वर्षांनी पुन्हा बघू."

मी मोठा सुस्कारा टाकला. एवढा मोठा की टेबलावरचे कागद हलले. सासूबाईंची खिडकी, ती दोन वर्षं, सगळं एकदम छातीवरून उतरलं. "बघ, मी म्हणत होतो," मी म्हणालो. (मी उलटच म्हणत होतो. पण आनंदात एवढं चालतं.)

"आणि काका..." डॉक्टरांनी दुसरा कागद घेतला आणि चष्मा वर सरकवला. चष्मा वर सरकवणारा माणूस चांगली बातमी देत नाही, हे मी दुकानदारांसमोर स्वतः करून शिकलोय. "तरुण माणसाच्या हाडाशी तुलना करून हा आकडा काढतात. उणे अडीचच्या खाली गेला की हाडं ठिसूळ झाली म्हणतात. तुमच्या मणक्यांचा आहे उणे दोन पूर्णांक आठ."

"डॉक्टर," मी म्हणालो, "यंत्रात काही..."

"काकांनीच पास केलंय," दारातून तंत्रज्ञ बाईंचा आवाज आला.

डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या पाठीचं चित्र दाखवलं. बाकीचे मणके चौकोनी, एक मात्र पुढून चपटा, आणि त्याच्या वरचाही थोडासा. "हे दबलेत. म्हणजे मोडलेतच. कधी पाठीत जोराची कळ आली होती?"

"कपाट," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दोन वर्षांपूर्वी. आम्ही उसण समजून शेकत बसलो."

दोन वर्षं मी मोडलेला मणका घेऊन हिंडत होतो आणि फॉर्मवर वळणदार अक्षरात "हाड मोडलं नाही" असं लिहून आलो होतो. डॉक्टरांनी शांतपणे सगळं सांगितलं. औषधं आहेत, चांगली आहेत, वेळेत कळलं. दम्याची गोळी मनाने बंद करायची नाही. वजन उचलायचं नाही, वाकून ओढाओढ करायची नाही, आणि पडायचं तर मुळीच नाही. मी सगळं ऐकलं. पण अंगातला निरीक्षक शेवटपर्यंत लढला.

"पण डॉक्टर, माझी उंची तर कमी झालेली नाही! घरी चौकटीवर रेघ आहे."

"चौकट मला माहीत नाही, काका," ते म्हणाले. "मणके मला दिसतायत."

परत येताना बायकोचा चेहरा रागावलेला होता. सिगारेटबद्दल असेल, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, तिने माझं कोपर धरलंय. पदपथ जिथे खचला होता तिथे ती थांबली आणि म्हणाली, "सावकाश. पाय उचलून टाका." आवाज अगदी माझा होता. मी तिला स्टुलावरून उतरवताना काढतो तोच, आत घाबरलेला आणि बाहेर रागावलेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो मी समोरून ऐकला. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

घरी पोचल्यावर चप्पल काढून मी थेट चौकटीला जाऊन टेकलो. पुस्तक डोक्यावर. "बघ. बघ आता. कुठे आहे?"

"रेघेवर."

"मग? एकशे सत्तर की नाही?"

बायकोने माझ्या डोक्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. मग ती खिडकीशी गेली, मधली लाकडी पट्टी काढली, खिडकी धाडकन आपटली, आणि तिने ती पट्टी आणून माझ्या हातात ठेवली.

"हे काय आहे?"

"खिडकीची पट्टी."

"खिडकीला लावायच्या आधी काय होती?"

मी पट्टी उलटी केली. एका कडेला जुना हिरवा रंग होता. आमच्या दारांचा रंग. आणि मला सगळं आठवलं.

मी निवृत्त झाल्यावर वर्षभरात आम्ही नवी फरशी बसवली होती. जुनी उखडली तर धूळ होईल म्हणून जुन्यावरच नवी बसवायची, ही कल्पना माझी. आधी सिमेंटचा मसाला, मग फरशी. जाडीच्या दोन मिलिमीटरवरून मी फरशीवाल्याशी अख्खी दुपार भांडलो होतो. फरशी वर आल्यावर एकही दार उघडेना. मग सुताराला बोलावून सगळी दारं खालून कापून घेतली. आणि कापलेल्या पट्ट्या, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून, मीच जपून ठेवल्या.

माझा हात आपोआप खिशात गेला. टेप लावली. पट्टी चार सेंटीमीटर भरली. मग मी वाकायला लागलो, बायकोने टेप काढून घेतली आणि स्वतः जमिनीपासून रेघेपर्यंत मोजलं.

"एकशे सहासष्ट," ती म्हणाली.

जमीन चार सेंटीमीटर वर आली होती आणि मी चार सेंटीमीटर खाली. मध्ये रेघेवर आमची बरोबर गाठ पडली होती. "खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, मोजून बघायचं," हे वाक्य बत्तीस वर्षं प्रत्येक दुकानदाराला ऐकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातली रेघ एकदाही जमिनीपासून मोजली नव्हती.

मी खुर्चीत बसलो. बायको समोर बसली. "इतके दिवस तुम्ही मलाच स्टुलावरून उतरवत होतात," ती म्हणाली. "आणि तुम्ही मोडकी पाठ घेऊन पेनाची टोपणं शोधत होतात. काही झालं असतं तर?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिला सांगायचं होतं की ती स्टुलावर चढली की मला सासूबाईंची खिडकी दिसते. या वेळी मी सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. नुसत्या डब्यासाठी कोणी इतकं ओरडत नाही."

मग तिने डोळे पुसले, पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. इतकी वर्षं माझे पंचनामे ऐकून तिला ती भाषा पाठ झाली होती. "आज रोजी, राहत्या घरी, पंचांसमक्ष तपासणी केली असता, सदर इसम मापात चार सेंटीमीटर कमी आढळून आला." पंच म्हणून मुलीला व्हिडिओवर घेतलं. मुलीने वकिली काढून एक कलम वाढवलं: गुन्ह्यात वापरलेलं स्टूल जप्त करण्यात यावं. "आणि सिगारेटचं?" बायकोने विचारलं. "त्याचा स्वतंत्र पंचनामा," मुलगी म्हणाली. मला खाली सही करावी लागली. चौकटीवर बायकोने नवी तारीख टाकली आणि माझं १७० खोडून १६६ लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

आता डबे सगळे खालच्या फळीवर आले आहेत. ती फळी माझा हात न ताणता पोचेल अशा बेताने बसवून घेतली आहे. रोज औषध घेतो, रोज आम्ही दोघं फिरायला जातो. (शतपावलीला मी आता एकटा जाऊ शकत नाही.) जप्त केलेलं स्टूल रविवारी जावयांच्या हवाली झालं. ते सहा फुटांचे आहेत. त्यांनी नुसते हात वर करून ते रिकाम्या माळ्यावर सरकवून दिलं. मी जप्त मालाची पावती मागितली. कोणी दिली नाही.

परवा घरात कोणी नव्हतं. मी माळ्याखाली उभा राहिलो, टाचा वर केल्या आणि हात ताणला. स्टुलाचा एक पाय कडेबाहेर आलेला आहे, अगदी बोटाशी. तरी पोचेना. मी टेप काढून बोटाच्या टोकापासून पायापर्यंतचं अंतर मोजलं.

चार सेंटीमीटर.